उघड्या दाराची चोरी

एक

माणसाच्या इतिहासात जेवढे म्हणून मोठे गुन्हे झाले, ते सत्तेपायी, संपत्तीपायी नाहीतर प्रेमापायी झाले. राज्यं बुडाली, घराणी संपली, भाऊ भावाच्या जिवावर उठला. मुळाशी गेलं की या तिघांपैकी कोणीतरी एक पाय पसरून बसलेलं सापडतं.

आमच्या कॉलेजात मात्र दार चोरीला गेलं.

दारही काही नक्षीचं नव्हतं. साधं लाकडी, फिकट हिरवं, पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी असलेल्या उपप्राचार्या बाईंच्या खोलीचं. इमारतीतली सगळीच दारं त्या रंगाची आहेत. कधीकाळी कोणीतरी रंगाचे डबे जास्त मागवले होते.

ते नेमकं कधी गेलं, हे कोणालाच सांगता येईना. त्याला कारण प्राचार्यांचं धोरण. गेल्या वर्षी प्राचार्य कुठल्याशा शिबिराला गेले आणि परत आले ते डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. लगेच फतवा निघाला, की यापुढे प्रत्येक अधिकाऱ्याचं दार सदैव उघडं राहील. दाराखाली लाकडी पाचर आली. दारावर पितळी पाटी आली: 'दार उघडंच आहे. या.' आणि लोक आले. पालक आले, विद्यार्थी आले, रजेचे अर्ज घेऊन प्राध्यापक आले, आणि ज्यांना कुठेच काम नव्हतं तेही पंख्याखाली बसायला आले. बाईंचं दार मात्र कपाटामागे भिंतीला टेकून उभं राहिलं. सतत उघडं असलेलं दार आणि सतत हसणारा माणूस, दोघांकडे काही दिवसांनी कोणी बघत नाही.

परीक्षेआधीच्या सुट्टीतली ती दुपार होती. वर्ग रिकामे, व्हरांड्यात ऊन लांबच लांब आडवं झालेलं, एक कबूतर बाईंच्या खोलीत येऊन तक्रार असल्यासारखं टेबलासमोर उभं होतं. बाई त्याला बसा म्हणणार एवढ्यात प्राचार्य आले. अंगात नेहमीचा गडद कोट, आणि एका खांद्यावर नेहमीसारखा भिंतीचा चुना. सर सारखे राउंड घेत असतात, कुठेतरी घासत असतील, असं सगळे समजून होते.

प्राचार्य बसले, पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, जरा खासगी बोलायचं होतं. दार लावता?"

बाई उठल्या आणि कपाटामागे हात घातला. हात जात राहिला, जात राहिला, आणि अखेर भिंतीला लागला.

"काय झालं?" प्राचार्यांनी विचारलं.

"काही नाही, सर," बाई म्हणाल्या. "भिंत आहे."

"दार कुठे आहे?"

"दार उघडंच आहे, सर." सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मग शोधाशोध झाली. चौकट जागेवर होती, पाचर जागेवर होती. बिजागऱ्या गेल्या होत्या, पण लाकडावर साधा ओरखडा नव्हता. प्राचार्यांनी दोरी सापडते का पाहायला बाईंच्या टेबलाचा खण ओढला. दोरी कशाला हवी होती हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

खणात पितळी पाटी होती. 'दार उघडंच आहे. या.' आणि तिच्याशेजारी, कागदाच्या नीट वळलेल्या पुडीत, तिचे चारही स्क्रू.

दोन

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं म्हणतात. कॉलेजातले मधले अधिकारी दोन्हीकडे हजर राहून अहवाल लिहितात. वरच्यांना ते खालचे वाटतात, खालच्यांना वरचे. शिपायांची संघटना आहे, प्राध्यापकांची तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. पण साहेबलोकांचीही एक संघटना आहे, हे ऐकलं की लोकांना हसू येतं. साहेबांना कसला आलाय त्रास?

तर बाईंचा त्रास असा. पूर्वी उपप्राचार्य दोघे होते. एक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरायची राहून गेली, ती राहिलीच. वेळापत्रक, प्रवेश, शिस्त, तक्रारी, गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळं बाईंकडे. दिवसभर उघड्या दारातून माणसं येत, म्हणून दिवसाचं काम घरी जाई, आणि घरी झोप लागली की तेच काम स्वप्नात येई. स्वप्नात त्या ढगांना वर्ग नेमून देत. समुद्राला दुसऱ्या तासाला प्रयोगशाळा हवी असे आणि ती आधीच चंद्राला दिलेली असे. सकाळी उठल्या की हातपाय भरून आलेले, जणू रात्रभर बाकं उचलली.

अशा बाईंना प्राचार्यांनी समजुतीने सांगितलं. ते दुष्ट नव्हते, फक्त घाईत होते.

"पाटी तुमच्या खणात मिळाली, बाई. ताणाखाली माणूस काहीही करतो. 'दार मीच काढलं', एवढं मान्य करा. वैद्यकीय रजा घ्या. परत आलात की हलकंसं पद देऊ, जबाबदारी नसलेलं. संस्थेच्या अध्यक्षांना मला काहीतरी सांगावं लागेल ना."

चौकशीला संघटनेचा एक सोबती आणता येतो, असा नियम आहे. बाईंनी तो मागितला, आणि संघटनेने आत्यांना पाठवलं.

आत्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून त्यांचं उभं आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर त्या संघटनेच्या सोबती झाल्या. चौकशीच्या खोल्यांतल्या खुर्च्या कडक असतात म्हणून स्वतःची उशी काखेत घेऊन येत. बसल्या की डोळे मिटत. समोरच्याला वाटे, म्हातारी झोपली. आणि तो मोकळेपणी बोलू लागे.

त्या आल्या तेव्हा खालच्या मजल्यावर जिन्याखालच्या हिरव्या दारापाशी दम खायला थांबल्या. दारावर मधोमध एक फिकट चौकोन होता. त्यावर तळहात टेकून त्यांनी श्वास घेतला.

"हे काय आहे हो?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"अडगळ असेल," वॉचमन म्हणाला. "पहिल्यापासून आहे."

वर येऊन आत्यांनी खुर्चीवर उशी ठेवली, उशीवर स्वतःला ठेवलं, आणि विचारलं, "तू काढलंस का गं?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हणजे, आठवत नाही. मध्ये मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता, आत्या."

"चष्मा फ्रिजमध्ये मावतो. दार मावत नाही."

"मग पाटी माझ्या खणात कशी आली? मी सही करून टाकते. काढलं असेल मीच. खरं सांगू, दार कोणी काढलं याचं मला काही वाटत नाही. माझ्या डोक्यावर माझा भरवसा राहिलेला नाही, त्याची भीती वाटते. उद्या घरचा गॅस चालू ठेवून आले तर? आई आहे घरी. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्या दिवशी कशीबशी एक रजा मिळाली. तिला वास येईल, पण दिसणार नाही."

पंखा सावकाश फिरत होता, जणू त्यालाही वैद्यकीय रजा हवी होती.

"अजून एक आहे," बाई हळूच म्हणाल्या. "सांगितलं तर तुम्हीसुद्धा म्हणाल, हिला रजाच द्या."

"सांग."

"दार नाही. पण मला दाराचा आवाज येतो."

तीन

आवाज कसा, ते बाईंनी सांगितलं. आधी बारीकसं कूं, मग मध्येच थबकणं, मग खालच्या सुरात एक लांब कुरकुर. जणू कोणी 'येऊ का?' म्हणून विचारतंय आणि उत्तराची वाट न बघता येतंय. या खोलीचं दार बाईंनी कित्येक वर्षं तसंच वाजताना ऐकलेलं. आता ते कुठून येतं कळत नाही. पायांखालून येतं, स्वप्नातून यावं तसं.

"सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, बाई, विश्रांती घ्या."

"आवाज कधी येतो? झोपेत?"

"नाही. आढावा बैठक संपली की. तिथून येऊन इथे बसते, डोकं भणभणत असतं, आणि मग कूं."

आत्यांचे डोळे मिटले होते. बाईंनी जरा वाट पाहिली.

"आत्या?"

"झोपले नाही. वसतिगृहात मी दारांच्या आवाजावरून सांगायचे, कुठल्या खोलीतली मुलगी कशी परत आली. भांडून, रडून का सिनेमा बघून. माणसं खोटं बोलतात, बिजागरी बोलत नाही." त्यांनी उशी उचलली. "त्या बैठकीला कोण कोण असतं?"

प्राचार्य, बाई, ग्रंथपाल आणि परीक्षाप्रमुख. एवढेच.

परीक्षाप्रमुखांना कॉलेजात गोपनीयराव म्हणत, कारण त्यांना जेवलात का विचारलं तरी ते आधी इकडेतिकडे बघत. त्यांच्या खोलीत मधोमध चादरीखाली काहीतरी होतं. लांब, रुंद, सपाट. अगदी दाराएवढं.

"हे काय?" आत्यांनी विचारलं.

"गोपनीय."

आत्यांनी चादरीचं टोक धरलं. गोपनीयरावांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि गोपनीयराव रिटायर होणाऱ्या माणसासारखे सैल पडले.

खाली जुना काळा फळा होता, दोन बाकांवर आडवा टाकलेला.

"टेबलाचा पाय मोडलाय," ते म्हणाले. "मागच्या परीक्षेपासून मिस्त्रींच्या मागे आहे. मिस्त्री म्हणतात, वरून सांगा. वरून सांगायला वर जाऊ कसा? वर गेलं की निकाल का घसरला विचारतात."

"बैठक झाल्यावर तुम्ही कुठे जाता?"

"गो..." ते म्हणाले, आणि थांबले. आत्यांनी डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांसमोर माणसाला खरं बोलावंसं वाटतं. "गच्चीवर जातो. टाकीच्या मागे उभा राहतो आणि आभाळाकडे बघतो. बाकी काही करत नाही. हे कोणाला सांगू नका. परीक्षाप्रमुख आभाळाकडे बघतो म्हटल्यावर लोक काय समजतील?"

"ढग आहेत समजतील," आत्या म्हणाल्या.

ग्रंथपालांना हळूबाई म्हणत. त्या इतक्या हळू बोलत, की समोरच्याला आपणच मोठ्याने विचार करतोय असं वाटे. उपप्राचार्यांचं दार करकरतं म्हणून त्यांनी पूर्वी दोनदा तक्रार केली होती. गुन्ह्याला हेतू हवा, तर तो इथे होता.

"मी दार काढीन कशी?" हळूबाई म्हणाल्या. "माझ्या शिडीची पायरी निखळून वर्ष होत आलं. वरच्या फळीवरची पुस्तकं मी खालूनच बघते. मिस्त्रींना किती वेळा सांगितलं. म्हणतात, वरून सांगा."

"बैठक झाल्यावर कुठे जाता?"

हळूबाईंनी बोट दाखवलं. अगदी शेवटच्या कपाटांच्या मध्ये, जिथे उजेड पाण्यासारखा हिरवट दिसत होता. "तिथे जाते. गार पुस्तकांवर कपाळ टेकते. तिथे कोणी येत नाही."

"कुठल्या विषयाची पुस्तकं आहेत?"

"व्यवस्थापनाची."

आत्यांनी मान हलवली. जिना उतरताना बाई त्यांच्या मागोमाग आल्या. "काय वाटतं? दोघांपैकी कोण?"

"कोणीच नाही. चोर पाटी घेऊन जातो. चिडलेला माणूस ती मोडतो. पाटी नीट उतरवून, स्क्रू पुडीत बांधून, मालकिणीच्या खणात कोण ठेवतं?"

"कोण?"

"ज्याला वाटतं, आपण चोरी करतच नाही आहोत."

चार

मिस्त्री मागच्या शेडमध्ये लाकडाच्या भुशात बसले होते. दुपारच्या उन्हात भुसा तरंगत होता आणि मिस्त्री त्यात एखाद्या जुन्या फोटोतल्यासारखे पिवळे दिसत होते. आत्यांनी ओंडक्यावर उशी ठेवली.

"मिस्त्री, दार कुठे आहे?"

"कुठलं दार?" मिस्त्रींनी रंधा उचलला, बघितला, खाली ठेवला. "कॉलेजात दारं पुष्कळ आहेत, आत्याबाई. मी कुठे कुठे बघू?"

"खरंय. तुम्हाला कामं फार. एक टेबल आहे, एक शिडी आहे."

"वरून सांगा म्हटलं. सगळेच तातडीचं म्हणतात. मी एकटा माणूस. वरून आल्याशिवाय हात लावत नाही, हा माझा नेम."

"नेम असावाच." आत्यांनी डोळे मिटले. भुसा त्यांच्या पापण्यांवर बसत होता. दूर कुठेतरी नळ गळत होता. इतका वेळ गेला, की मिस्त्रींना त्या झोपल्याची खात्री पटली आणि ते निवांत बिडी शोधू लागले.

"मिस्त्री," आत्या डोळे न उघडता म्हणाल्या, "काम सुबक केलंत हो. चौकटीला ओरखडा नाही. पण नव्या जागी बसवताना बिजागरीला तेल का नाही दिलं?"

"तेल द्या असं कोणी सांगितलंच नव्हतं," मिस्त्री दुखावल्या आवाजात म्हणाले.

आणि मग त्यांनी बिडी कानावर ठेवली, ती काढली, पुन्हा ठेवली.

बाई शेडच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी खांब धरला.

"कोणी सांगितलं नव्हतं, मिस्त्री?" आत्यांनी विचारलं.

"तेवढं विचारू नका. कोणाला बोलणार नाही म्हणून शब्द दिलाय. बाई, तुमची पाटी मी जपून खणात ठेवली होती बरं का. वस्तू ज्याची त्याला. तुम्ही त्या दिवशी आईंच्या ऑपरेशनला गेला होतात, नाहीतर हातात दिली असती."

"म्हणजे मी नाही काढलं," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी नवं पातळ अंगावर धरून बघावं तसं पुन्हा एकदा म्हटलं. "मी नाही काढलं. पण मग तो आवाज?"

आत्यांनी उशीवरचा भुसा झटकला.

"चौकशी तुझ्याच खोलीत ठेवायला सांग," त्या म्हणाल्या. "आढावा बैठकीनंतर लगेच. आणि मिस्त्रींनाही बोलाव."

पाच

आढावा बैठक झाली. काय आढावा घेतला ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, फक्त तो असमाधानकारक होता एवढं राहिलं. तिथून सगळे बाईंच्या खोलीत आले आणि दार नसलेल्या चौकटीतून एकामागून एक आत शिरले. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. कबूतर आधीच येऊन बसलं होतं.

टेबलावर कबुलीचा कागद होता. खाली सहीची जागा कोरी.

प्राचार्य बोलायला उभे राहिले आणि त्यांचा फोन वाजला. ते उभेच होते, तरी आणखी उभे राहिल्यासारखे वाटले. "हो साहेब. नाही साहेब. प्रवेश वाढतील, साहेब. निकालही. दार? तेच चाललंय, साहेब. लगेच सही होतेय." फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग त्यांच्या खांद्यावरच्या चुन्याला मिळाला होता.

"तुम्ही वाचून घ्या," ते म्हणाले. "मी जरा राउंड घेऊन आलो."

ते गेले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरत गेली.

"सही करू का?" बाईंनी विचारलं.

"थांब," आत्या म्हणाल्या. "कोणी बोलू नका."

कोणी बोललं नाही. पंखा फिरत होता, कबूतर मान तिरकी करून ऐकत होतं, आणि ती खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत झाली.

मग पायांखालून, भिंतीच्या आतून आल्यासारखं, बारीकसं कूं झालं. थबकलं. आणि लांब, खालच्या सुरात कुरकुरत गेलं.

बाई टेबलाची कड घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

"तेच दार," हळूबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "ज्याची मी तक्रार करायचे."

"मीही ऐकलं," गोपनीयराव म्हणाले. "आणि हे गोपनीय नाही."

तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. आत्यांनी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि उठल्या. "चला. घाई नको, पायऱ्या जपून."

उतरता उतरता त्या सांगत गेल्या, अंगाई म्हणावी तशा आवाजात.

"दार वाजतं म्हणजे दार इमारतीत आहे, आणि नुसतं आहे असं नाही, उघडतंय मिटतंय. दार लपवायला चौकटीसारखी जागा नाही. लोकांना नवं दार दिसलं की ते समजतात, पहिल्यापासून असेल, आपलंच लक्ष नव्हतं. शिकलेल्या लोकांना तर जास्तच. काढलं मिस्त्रींनी. पण मिस्त्री टेबलाला हात लावत नाहीत, शिडीला लावत नाहीत. वरून आल्याशिवाय काही करायचं नाही, हा त्यांचा नेम. मग दाराला हात लावला तो कोणाच्या शब्दावर? वरती एकच माणूस आहे. तो माणूस बैठक झाली, अध्यक्षांचा फोन आला, की राउंड घ्यायला जातो. आणि परत येतो तो एका खांद्याला चुना लावून. सरळ भिंतीचा चुना बाहीला लागतो. खांद्याला लागायला उतरतं छत पाहिजे. जिन्याच्या पोटात असतं तसं."

जिन्याखालचं हिरवं दार बंद होतं. मधोमध फिकट चौकोन, आणि चार कोपऱ्यांना चार छिद्रं.

गोपनीयराव दार ढकलायला पुढे झाले. आत्यांनी त्यांना मागे सारलं आणि बोटाच्या पेरांनी टकटक केलं. आमच्या कॉलेजात वर्षभरात कोणी दार वाजवलं, ते हे पहिलं.

"येऊ का?" आत्यांनी विचारलं.

आत डबा सरकल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली.

प्राचार्य रंगाच्या उपड्या डब्यावर बसले होते, उतरत्या छताला खांदा टेकून. बूट काढून शेजारी ठेवले होते. त्यांच्या चेहऱ्यावर, मधल्या सुट्टीत वर्गात एकटं बसलेलं सापडलेल्या मुलाचा भाव होता.

"मी राउंड घेत होतो," ते म्हणाले.

"दिसतंय," आत्या म्हणाल्या. "सर, हे दार कोणाचं?"

"दार? हे जिन्याखालचं..." त्यांनी दाराकडे पाहिलं. चौकोनाकडे पाहिलं. चारही छिद्रांवरून त्यांची नजर सावकाश फिरली, आणि मग ती बाईंवर आली आणि तिथे टिकेना. "मिस्त्री, मी तुम्हाला एक दार बसवा म्हटलं होतं."

"बसवलं की, सर. तुम्ही म्हणालात, लगेच पाहिजे, नवीन नको, कोणाला कळायला नको, कोणाच्या उपयोगाचं नसलेलं एखादं बघा. आता ज्या दाराला तुमच्याच हुकमाने कधी मिटायचं नाही, ते कोणाच्या उपयोगाचं? बाईंचं जिन्याला जवळ पडलं."

"पण मी विचारलं नाही कुठून आणलंत."

"नाही विचारलंत," मिस्त्री म्हणाले. "आणि चौकशी लागली तेव्हा मला वाटलं, वरून काहीतरी धोरण असेल."

"एवढं कुरकुरतं, ते तुम्हाला ऐकू आलं नाही?" बाईंनी विचारलं.

"दार लागलं की मी काहीच ऐकत नाही, बाई. म्हणून तर लावतो." प्राचार्यांनी बूट हातात घेतले आणि ते कुठल्या पायाचे आहेत हे विसरल्यासारखे धरून राहिले. "माझ्या केबिनचं दारही उघडंच असतं. अध्यक्षांचे फोन, लोक बसलेले, सगळ्यांसमोर हो साहेब, नाही साहेब. इथे येऊन फक्त डोळे मिटतो. आणि मी तुम्हाला म्हणालो, विश्रांती घ्या."

आत्या त्यांच्या शेजारच्या जमिनीवर उशी टाकून बसल्या.

"तुम्ही संघटनेचे सभासद का नाही हो?"

"मला वाटायचं, संघटना माझ्याविरुद्ध असते."

"असतेच," आत्या म्हणाल्या. "सभासद झालात तर बाजूनेही असते."

सहा

कबुलीचा कागद प्राचार्यांनी स्वतः फाडला आणि तुकडे कुठे टाकावे हे न सुचून खिशात घातले. पुढची बोलणी आत्यांनी केली, बरीचशी डोळे मिटून. पितळी पाट्या उतरल्या. दुसऱ्या उपप्राचार्याची जागा भरायचं ठरलं, आणि ते नुसतं ठरून राहू नये म्हणून आत्या अधूनमधून उशी घेऊन येऊन बसतात. टेबलाला पाय आला. शिडीला पायरी आली. हळूबाई आता वरच्या फळीपर्यंत पोचतात आणि कधी कधी तिथेच थांबतात.

जिन्याखालची खोली तशीच ठेवायची ठरली. ज्याला हवं त्याने जावं, कडी लावावी, कोणी विचारू नये. तिला दार लागणार होतं, ते प्राचार्यांनी आपल्या केबिनचं दिलं. परवा अध्यक्ष स्वतः आले, केबिनमध्ये बसले, आवाज चढवण्याआधी दार लावायला वळले, आणि दार नव्हतं. बाहेर बाकावर पालक बसलेले. अध्यक्षांनी घसा खाकरून प्रकृतीची चौकशी केली आणि गेले. दार नसलेल्या खोलीत ओरडता येत नाही, हे त्या दिवशी प्राचार्यांना कळलं. त्यांनी नवं दार मागवायचं लांबणीवर टाकलं आहे.

बाईंचं दार परत आलं. मिस्त्री तेलाची बुधली घेऊन आले होते. बाईंनी नको म्हटलं. बिजागरी कुरकुरली की त्या अजून क्षणभर थांबतात, ऐकतात, आणि मान हलवतात, जणू कोणी ओळखीचं गेलं जिन्यावरून. रात्री झोप लागते. समुद्र अजून येतो म्हणे स्वप्नात, पण आता तासाबद्दल काही बोलत नाही, नुसता खिडकीशी बसतो.

काल दुपारी प्राचार्य बाईंच्या खोलीत आले. टकटक करून आले. कोट झटकलेला, डोळ्यांत पुन्हा ती चमक. त्यांनी माफी मागितली, नीट, पुरी, मध्ये फोन वाजला तरी न उचलता. मग ते उभे राहिले. माणूस म्हणजे काय आणि दार म्हणजे काय याचा आपण रात्रभर विचार केला, असं म्हणाले. व्यवस्थापनाच्या इतिहासात कोणी केला नसेल असा प्रयोग आपलं कॉलेज करणार आहे, असं म्हणाले. बंद दाराचं धोरण. प्रत्येकाचा एक तास, स्वतःचा, मिटलेला, पवित्र. त्यातून नवा अधिकारी घडेल, नवं कॉलेज घडेल, कोण जाणे, नवा समाजही घडेल. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, मान खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि डोळे मिटले.

"सर," त्या म्हणाल्या, "जाताना तेवढं दार ओढून घ्याल?"